खानदेशातल्या घरासाठी ट्यूब पॉवर अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडायचा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठलाही माणूस असो, ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं मनावर घेतलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "३०० बी घेऊ की केटी ८८?" ट्यूब म्हणजे आवाज वाढवणारी, आतून तापणारी काचेची नळी, आणि ही तिच्या दोन प्रकारांची नावं. प्रश्न योग्य आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी स्पीकर बघा, मग खोली, मग घरात येणारी वीज, मग आपला मे महिना. एवढ्या चाळणीतून जे खाली उतरेल त्यातून ट्यूब निवडा. उलट्या क्रमाने गेलं तर लाखांच्या घरातली वस्तू येते आणि शेवटी आवाज मनासारखा लागत नाही, किंवा लागतो पण फक्त डिसेंबर-जानेवारीत.

आधी स्पीकरचा कागद काढा

स्पीकरच्या माहितीपत्रकावर 'सेन्सिटिव्हिटी' लिहिलेली असते: ८५, ८७, ९०, ९६ डेसिबल अशी. साधारण १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती मोठ्याने वाजतो, ते हा आकडा सांगतो. दोन हिशेब पाठच करून ठेवा. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. वॅट दहापट केले की १० डेसिबलने.

आता प्रत्यक्ष मांडून बघू. ९६ डेसिबलचा हॉर्न स्पीकर आणि ३०० बीचा ८ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तर १ मीटरवर जास्तीत जास्त १०५ डेसिबल मिळतात. ८७ डेसिबलच्या साध्या टॉवर स्पीकरमधून तेवढाच आवाज काढायला ६० वॅट लागतात. म्हणजे तुमच्याकडे ८७ चे स्पीकर असतील आणि ते बदलायचे नसतील, तर ३०० बीचा विषय तिथेच संपला. गाणं हळू आवाजात छान वाजेल, पण तबल्याची थाप आली की अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपेल. सरासरी आवाज आणि क्षणभराची थाप यांत १५ डेसिबलचं अंतर सहज असतं, आणि वॅट लागतात ते त्या थापेसाठी.

कागदावर एक गोम असते, ती बघून घ्या. पुष्कळ कंपन्या हा आकडा १ वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात. म्हणून ४ ओहमचा स्पीकर '९० डेसिबल' म्हणत असेल तर मनातल्या मनात ३ वजा करा आणि ८७ धरा.

दुसरा आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा; तो ओहममध्ये मोजतात. 'नॉमिनल ८ ओहम' लिहिलेला स्पीकर एखाद्या फ्रीक्वेन्सीला ३ ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. ट्रान्झिस्टरच्या तगड्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याचं काही वाटत नाही, ट्यूबवाल्याला वाटतं. शिवाय ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पीडन्स जसा वरखाली होतो तसा आवाजाचा तोलही थोडा हलतो. एकच अ‍ॅम्प्लिफायर एका घरात गोड आणि दुसऱ्या घरात ढबढबीत वाटतो, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. स्पीकरचा किमान इम्पीडन्स किती, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. ५-६ ओहमच्या खाली न उतरणारा स्पीकर ट्यूबसाठी उत्तम.

खोली

जुनं धाब्याचं घर असेल तर भाग्यवान आहात. मातीच्या जाड भिंती आणि लाकडी सऱ्यांवर पेललेलं मातीचं छत आवाज पिऊन घेतं; तिथे गाणं घुमत नाही. नव्या कॉलनीतल्या स्लॅबच्या घरात खाली गुळगुळीत फरशी, वर सिमेंट आणि समोर काच असते. तिथे टाळी वाजवून बघा. टाळीची शेपटी ऐकू आली तर आधी जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांवर खर्च करा. खोली फार घुमत असेल तर दोन अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक तिथे कळणारच नाही.

वीज: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

मुंबई-पुण्याच्या दुकानात हा विषय कोणी काढत नाही, पण आपल्याकडे निवड इथेच ठरते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा चोपडा-अमळनेरकडे शेतीपंपांचा भार चढला की व्होल्टेज बसतं, आणि पंप बंद झाले की उसळतं. ट्यूबला दोन्ही बाधतात, उसळलेलं जास्त.

कारण असं. ईएल ३४ आणि केटी ८८ या दोन्ही ट्यूबच्या हीटरला, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात, आणि त्यात साधारण १० टक्के वरखाली चालतं. म्हणजे वरची हद्द ६.९. समजा तुमचा अ‍ॅम्प्लिफायर २२० व्होल्टसाठी बांधलेला आहे आणि रात्री अकराला घरात २४५ व्होल्ट येतात. हीटरवर सरळ ७ व्होल्ट जातात. त्याच प्रमाणात प्लेटवरचे (ट्यूबच्या आतल्या धातूच्या पत्र्यावरचे) ४५० व्होल्टही ५०० होतात. अ‍ॅम्प्लिफायर लगेच बंद पडत नाही, पण ट्यूबचं आयुष्य कमी होतं आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर तापत राहतो.

म्हणून खरेदीच्या आधी आठवडाभर साधा मल्टिमीटर घेऊन सकाळी, दुपारी आणि रात्री ज्या वेळी गाणं ऐकणार त्या वेळी सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा आणि वहीत लिहा. ही वही घेऊनच दुकानात जा. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या विजेकडच्या वेढ्यांना) २२०, २३०, २४० असे वेगवेगळे टॅप (जोडायची टोकं) आहेत का, हे विचारा. असतील तर तुमच्या वहीप्रमाणे टॅप लावून मागा. फक्त ११०-१२० व्होल्टचा परदेशातून आणलेला माल स्वस्तात मिळाला तरी माझं मत घेऊ नका असंच आहे. वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि ६० हर्ट्झसाठी बेताचाच बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

व्होल्टेज फार हलत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. रिलेवाला स्वस्त पडतो, पण तो पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला खट्ट आवाज करतो. अ‍ॅम्प्लिफायर जेवढी वीज ओढतो त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा सर्व्हो ठेवा. ३०० वॅटला १ केव्हीए पुरतो.

इन्व्हर्टरच्या लाइनवर अ‍ॅम्प्लिफायर घेऊच नका. साध्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, तिने ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. अगदी प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असला तरी लाइट जाता-येताना बसणारा झटका आहेच. वायरमनला सांगून या सॉकेटची लाइन वेगळी काढून घ्या. लाइट गेली की उठून अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच बंद करायचा, आणि लाइट आल्यावर पाच-दहा मिनिटं ती टिकते का बघूनच चालू करायचा. ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

अर्थिंगचंही तसंच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी घालत राहा आणि वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, ८४५ या मोठ्या ट्यूबच्या यंत्रात १,००० च्या आसपास. स्पीकरमधून हमिंग येतं म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही ऐकू नका. हमिंगला दुसरे उपाय आहेत: सगळी उपकरणं एकाच सॉकेटपट्टीवर घ्या, सिग्नलची केबल विजेच्या वायरपासून लांब ठेवा.

मे महिना

भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो. बाहेर तेवढं तापमान असताना घरात किती वॅटची शेगडी पेटवायची, हा खराच विचार करण्यासारखा मुद्दा आहे. चार ईएल ३४ चा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घ्या. एका ट्यूबचा हीटर ६.३ व्होल्टवर दीड अ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे साडेनऊ वॅट, चारांचे ३८. प्लेटवर प्रत्येकी १८ वॅट धरले तर आणखी ७२. पुढच्या छोट्या ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मरची उष्णता मिळवली की सव्वाशे-दीडशे वॅट झाले, तेही गाणं न लावता नुसता चालू असताना. रोज तीन तास ऐकलं तर महिन्याला साधारण ११ ते १४ युनिट. बिल सोसेल, पण उष्णता खोलीतच राहते.

८४५ चं गणित वेगळं. तिचा हीटरच १० व्होल्टवर सव्वातीन अ‍ॅम्पिअर खातो. दोन ट्यूबचे हीटरच ६५ वॅट. वर क्लास ए, म्हणजे गाणं असो नसो, प्लेटवर पूर्ण भार. एसी नसलेल्या खोलीत ८४५ घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

उन्हाळ्यात सगळ्यात आधी थकतात ते आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर शोकेसच्या कप्प्यात कोंबायचा नाही. चारी बाजूंनी आणि वर मोकळी हवा हवी. कूलरच्या थेट झोतातही नको, कारण त्या झोतात पाण्याचे शिंतोडे असतात. रोज ऐकणारा माणूस असेल तर मे महिन्यात पहाटे किंवा रात्री उशिरा ऐकावं.

आता ट्यूब

दोन जाती समजून घ्या. सिंगल एंडेडमध्ये एका चॅनेलला बहुधा एकच पॉवर ट्यूब असते आणि ती नेहमी क्लास एमध्ये चालते. पुशपुलमध्ये दोन ट्यूब आळीपाळीने ढकल-ओढ करतात. पॉवर जास्त, बास पकडीत.

३०० बी ही वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली आणलेली ट्रायोड, म्हणजे आत तीनच इलेक्ट्रोड असलेली साधी ट्यूब. सिंगल एंडेडमध्ये ७ ते ९ वॅट. कंठसंगीतात हिच्यासारखी जवळीक दुसरीकडे मिळत नाही, हे मी मनापासून मान्य करतो. पण स्पीकर ९५ डेसिबलच्या पुढचे हवेत, आणि चांगली जोडी महाग पडते.

ईएल ८४ छोटी. पुशपुल जोडीतून १० ते १५ वॅट. दहा बाय बाराच्या खोलीत ९२ च्या पुढच्या स्पीकरला ती पुरते, आणि उष्णता कमी.

ईएल ३४ आणि केटी ८८ ही पुशपुलमधली घोडी. ईएल ३४ च्या जोडीतून ३५ ते ५० वॅट मिळतात. मधला सूर, म्हणजे गळा, सारंगी, हार्मोनियम, मोकळा आणि भरलेला येतो. केटी ८८ इंग्लंडच्या जीईसीने १९५६ च्या सुमारास आणली. हिचा बास भक्कम असतो. १९६१ सालचा मॅकिन्टॉश कंपनीचा एमसी २७५ अ‍ॅम्प्लिफायर याच ट्यूबवर चॅनेलमागे ७५ वॅट द्यायचा, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आजही तेवढेच देतात.

खानदेशातल्या स्लॅबच्या घरासाठी, ८७ ते ९० डेसिबलच्या स्पीकरसाठी, पहिल्यांदा घेणाऱ्याला मी ईएल ३४ किंवा केटी ८८ चा पुशपुलच सुचवेन. ट्यूब जेजे, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सायव्हेन अशा कंपन्यांच्या अजून नव्या बनतात, त्यामुळे अडत नाही.

बायसचा, म्हणजे गाणं नसताना ट्यूबमधून किती करंट वाहू द्यायचा त्या जुळणीचा, मुद्दा मात्र ट्यूबच्या नावापेक्षा महत्त्वाचा. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बायस आपोआप जुळतो, म्हणजे कॅथोड बायस किंवा प्रिमालूनासारख्या कंपन्या देतात तसं ऑटो बायसचं सर्किट. काहींमध्ये तो हाताने लावावा लागतो. त्याला फिक्स्ड बायस म्हणतात. फिक्स्डमध्ये वॅट जास्त मिळतात, पण आपल्याकडे व्होल्टेज हललं की बायसही हलतो. हाताने लावायची तयारी असेल तर हिशेब सोपा आहे. समजा कंपनीने कॅथोडखाली १० ओहमचा रेझिस्टर ठेवून बाहेर मोजायला टोकं काढून दिली आहेत. तिथे मल्टिमीटरवर ४०० मिलिव्होल्ट आले म्हणजे ४० मिलिअ‍ॅम्पिअर. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ट्यूब १८ वॅट सोसते आहे. ईएल ३४ ची हद्द २५ वॅट. आपण ७२ टक्क्यांवर आहोत, ठीक आहे. उन्हाळ्यात मी ६५ च्या आसपास ठेवायला सांगतो. आवाजात फारसा फरक पडत नाही, आयुष्यात पडतो. बाहेर मोजायची टोकं नसतील तर झाकण उघडून स्वतः मोजायला जाऊ नका.

वजन कशाचं आहे ते बघा

ट्यूब बदलता येते, ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सहसा बदलत नाही. प्लेटच्या बाजूचे ५,००० ओहम स्पीकरच्या ८ ओहमला जुळवायचे म्हणजे वेढ्यांचं प्रमाण २५ ला १, आणि ते २० हर्ट्झपासून २० हजारांपर्यंत सारखं चालायला हवं. त्यासाठी प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकात एक विणलेले असतात. सिंगल एंडेडमध्ये तर डीसी करंट सतत वाहतो म्हणून कोअर मोठा आणि त्यात मुद्दाम ठेवलेली फट. पैसे इथे जातात. माहितीपत्रकात फक्त '२० ते २०,००० हर्ट्झ' लिहिलेलं असेल तर विचारा: किती वॅटवर? १ वॅटवर सगळेच देतात. पूर्ण पॉवरवर ३० हर्ट्झला काय होतं, ते खरं.

आपल्याकडे गावोगावी मोटार वाइंडिंगवाले आहेत आणि पंपाची मोटार ते डोळे मिटून भरतात. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यांच्याकडे देऊ नका. थरांचा क्रम चुकला की वरचे सूर मरतात.

प्रीअँपची, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या पुढच्या यंत्राची, गोष्ट थोडक्यात. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला बहुधा व्हॉल्यूमचं बटण नसतं, त्यामुळे वेगळा प्रीअँप किंवा व्हॉल्यूम असलेला डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवणारं यंत्र) लागतो. डॅकमधून २ व्होल्ट निघतात आणि अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण पॉवरसाठी १ व्होल्ट लागत असेल, तर प्रीअँपवाचून सुरुवात करता येते.

ऐकायला जाताना

दुकान मुंबईत किंवा पुण्यात असणार. दिवस काढून जा आणि आपल्या सवयीची गाणी बरोबर न्या. शक्य असेल तर स्पीकरही आपल्या जातीचेच लावायला सांगा. अ‍ॅम्प्लिफायर अर्धा तास तापू द्या.

पहिल्यांदा काहीच वाजवू नका. ट्वीटरजवळ, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरजवळ, कान नेऊन बघा. हमिंग किंवा सरसर किती आहे ते कळेल. ९६ डेसिबलच्या स्पीकरवर ती ८७ च्या स्पीकरपेक्षा जवळजवळ दुप्पट जाणवते, म्हणून हे टाळू नका. मग फक्त तंबोऱ्यांचा तुकडा लावा, ख्यालाच्या सुरुवातीला असतो तसा. चारही तारा वेगळ्या कळतात का, आणि खर्जाच्या तारेनंतर जी जवारीची झिळमिळ उठते ती शेवटपर्यंत जाते का, मधेच बोथट होते का, ते ऐका. त्यानंतर डग्ग्याची मींड. घिस्सा दिल्यावर सूर वर चढताना नीट ऐकू येतो की नुसता 'भूं' होतो? भूं झाला तर त्या अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरवर पकड नाही, किंवा स्पीकर ४ ओहमच्या टॅपवर लावायला हवा. टॅप बदलून पुन्हा ऐकवायला सांगा. फरक चांगलाच पडतो. शेवटी भीमसेन जोशींची एखादी तार सप्तकातली तान, तुम्ही घरी ऐकता त्या आवाजात. तिथे कान दुखला किंवा आवाज दाबला गेला तर वॅट कमी पडताहेत.

निघण्याआधी दुरुस्ती कोण करणार, आणि जळगावहून यंत्र पाठवायचं झालं तर ने-आण कोणाकडे, हे लेखी घ्या.

जुना माल

जुना अ‍ॅम्प्लिफायर घेताना ट्यूबच्या काचेवरचा चंदेरी डाग बघा. तो पांढरट दुधी झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ट्यूब मेली. चालू असताना काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते. पण आतली करडी प्लेट लालबुंद होत असेल तर ताबडतोब बंद करायला सांगा. जुन्या काळातल्या न वापरलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या ट्यूबमध्ये नकली छाप फार असतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

घरी आणल्यावर

वाहतुकीत ट्यूब काढून वेगळ्या गुंडाळलेल्या असाव्यात, आणि कोणती ट्यूब कुठल्या सॉकेटची त्याची चिठ्ठी बरोबर हवी. आधी स्पीकरच्या वायरी घट्ट करा, मग विजेचा प्लग. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर कधीच चालवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. वायर सैल होऊन सुटली तरी तेच.

ट्यूबवरची जाळी काढून शोभा वाढते, पण घरात लहान मूल असेल तर जाळी राहू द्या. खालच्या झरोक्यांतून पाल शिरते आणि उच्च व्होल्टेजच्या टोकांवर चिकटून शॉर्ट करते, म्हणून यंत्र जमिनीवर किंवा खिडकीला लागून ठेवू नका. धूळ कोरड्या ब्रशने, यंत्र बंद आणि थंड असतानाच झाडा. झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पहिल्या महिन्यात बायस दर आठवड्याला बघा, पुढे ऋतू बदलेल तसा. पॉवर ट्यूब दोन ते पाच हजार तास चालतात, छोट्या त्याहून बऱ्याच जास्त. खरेदीच्या वेळीच पॉवर ट्यूबचा एक जुळवलेला संच आणि मागच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याचे चार-पाच स्लो ब्लो (चालू करतानाच्या झटक्याला न उडणारे) फ्यूज घेऊन ठेवा. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा लावायचा, तार गुंडाळायची नाही. दुसराही लगेच उडाला तर पॉवर ट्यूब काढून ठेवा आणि मेकॅनिकला फोन करा.